क्लायंबिंग वॉलवर पहिल्यांदा जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छताखालच्या कृत्रिम भिंतीवर प्रस्तरारोहण सुरू करू पाहणारे लोक आणि त्यांचे पालक जे प्रश्न सतत पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत आणि अडचणीचे अपवाद पुढे येतात. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. क्लायंबिंग जिममध्ये नेमके काय असते?

प्लायवूडच्या किंवा तत्सम फळ्यांच्या उंच भिंती असतात. त्यांवर वेगवेगळ्या आकारांचे रंगीत होल्ड, म्हणजे हात-पाय टेकवायचे उंचवटे, बोल्टने घट्ट बसवलेले असतात. चढाईचे प्रकार मुख्यतः तीन. बोल्डरिंगची भिंत साधारण ४ ते ४.५ मीटर उंच असते, तेथे दोर नसतो आणि खाली जाड गाद्या अंथरलेल्या असतात. टॉप रोपमध्ये दोर वरच्या अँकरमधून (पक्क्या बसवलेल्या आधारातून) फिरून खाली आलेला असतो. त्याचे एक टोक चढणाऱ्याच्या हार्नेसला (अंगाला बांधायच्या पट्ट्यांना) बांधलेले असते आणि दुसरी बाजू जमिनीवरचा साथीदार सांभाळतो; यालाच बिले देणे म्हणतात. लीडमध्ये चढणारा दोर आपल्यासोबत वर नेतो आणि वाटेतील क्विकड्रॉमध्ये (पट्टीने जोडलेल्या कड्यांच्या जोडीत) अडकवत जातो. नवख्याने पहिल्या दोन प्रकारांपुरतेच राहावे. लीडसाठी स्वतंत्र प्रशिक्षण लागते, आणि ते न घेता कोणी दोर हाती देत असेल तर ती जागा सोडलेली बरी.

२. मला एकही पुल-अप काढता येत नाही. तरी जमेल का?

जमेल. शिडी चढताना आपण हातांनी स्वतःला वर ओढत नाही. पाय वर टाकतो, त्यावर उभे राहतो आणि हात फक्त तोल सांभाळतात. सोप्या मार्गांवर भिंतही एवढेच मागते. वजने उचलून कमावलेले दंड घेऊन येणारी मंडळी पहिल्या दिवशी बरेचदा लवकर थकतात, कारण ताकद आहे म्हणून ती प्रत्येक चाल हातांनीच सोडवू पाहतात. ज्यांच्याकडे तो पर्याय नसतो, ते नाइलाजाने पायांसाठी जागा शोधतात आणि त्यामुळे नीट शिकतात. पुल-अपची गरज पुढे, भिंत बरीच पुढे झुकलेली असते तेव्हा लागते. पाय नेमके कसे वापरावेत, हे प्रश्न १० मध्ये सविस्तर आले आहे.

३. वय पन्नाशीकडे झुकले आहे आणि वजनही जास्त आहे. यावे की नाही?

निव्वळ वय किंवा वजन हा अडथळा नाही. मात्र गुडघे, कंबर किंवा घोटे कुरकुरत असतील तर बोल्डरिंगऐवजी टॉप रोपने सुरुवात करावी, कारण बोल्डरिंगमध्ये प्रत्येक पडणे जमिनीपर्यंतचे असते, तर टॉप रोपवर हात सुटला तरी माणूस थोडा खाली येऊन दोरावर टेकतो. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा खांदा निखळल्याचा इतिहास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

हार्नेस बसतो का, ही वेगळी गोष्ट तपासावी लागते. त्याचा कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडांच्या वर घट्ट बसला पाहिजे आणि खाली ओढला तरी हाडांवरून उतरता कामा नये. ज्यांच्या कमरेचा घेर नितंबांपेक्षा मोठा आहे, त्यांच्या बाबतीत तो उतरू शकतो. अशांनी पूर्ण अंगाचा हार्नेस मागून घ्यावा. तो मागण्यात कमीपणा काहीच नाही.

४. मला उंचीची भीती वाटते. पैसे वाया जातील का?

भीती वाटत नाही असे सांगणारे थोडेच असतात. बहुतेकांना चढण्याची भीती नसते. दोरावर विसंबून हात सोडण्याची असते. म्हणून पहिल्याच फेरीत वरपर्यंत जाण्याचा अट्टहास करू नये. दोन-तीन मीटर चढावे, दोरात बसावे, दोन्ही हात सोडावेत, पाय भिंतीला लावून खाली यावे. हे जरा वर, आणखी जरा वर असे करत गेल्यास दोर आपले वजन पेलतो हे शरीराला पटते. खालून ‘अजून थोडे, अजून थोडे’ असे ओरडणाऱ्या मित्रांना गप्प करण्याचा अधिकार चढणाऱ्याला आहे.

५. पहिल्या दिवशी काय काय होते?

प्रथम एका जबाबदारीच्या अर्जावर सही घेतली जाते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकाची सही लागते. तो वाचूनच सही करावी. नंतर शूज आणि आवश्यक असल्यास हार्नेस भाड्याने मिळतो. मग प्रशिक्षक नियम सांगतो: गादीवर कोठे थांबायचे नाही, पडायचे कसे, दोर कसा बांधायचा. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी मोबाइल खिशात ठेवूनच ऐकावा. प्रत्यक्ष चढाई तास-दीड तास पुरते, त्यानंतर हाताची पकड साथ देत नाही. पोटभर जेवून येऊ नये. दीड-दोन तास आधी हलके खाल्लेले चांगले.

६. काय घालावे? अंगठी आणि मंगळसूत्र काढावेच लागते का?

गुडघा छातीपर्यंत सहज उचलता येईल अशी पँट आणि अंगाला बऱ्यापैकी बसणारा टी-शर्ट पुरेसा आहे. ओढणी, लोंबत्या नाड्या आणि खिशातील किल्ल्या नकोत.

अंगठी मात्र काढायचीच, यात तडजोड नाही. हात सुटतो त्या क्षणी अंगठी होल्डच्या कडेला किंवा बोल्टच्या डोक्याला अडकली, तर शरीराचे सगळे वजन त्या एका बोटावर येते. बोटाची कातडी सोलून निघणे, प्रसंगी बोट गमावणे, अशा इजा याच कारणाने झालेल्या आहेत. न निघणाऱ्या अंगठीवर चिकटपट्टी गुंडाळणे हा उपाय नव्हे. साबण लावून ती घरीच काढून यावे. बांगड्या, कडे, घड्याळ आणि मनगटावरचे जाड दोरे यांनाही हाच नियम लागू आहे.

मंगळसूत्र काढून ठेवणे सर्वांत सुरक्षित. काही जणींना ते काढायचे नसते, याचीही कल्पना आहे. अशा वेळी आखूड मंगळसूत्र बंद गळ्याच्या घट्ट टी-शर्टच्या आत राहील असे पाहावे. लांब मंगळसूत्र घालून चढू नये. लांब केस घट्ट बांधावेत, कारण बिलेच्या उपकरणात केस अडकण्याचे प्रकार होतात. नखे कापून यावीत. आणि कोणी आपणहून सांगत नाही अशी एक गोष्ट: डोक्याला तेल चोपडून, केसांवरून हात फिरवत चढू नये. ते तेल होल्डवर जाते आणि पुढच्याचा हात सटकतो.

७. साधे स्पोर्ट्स शूज चालत नाहीत का? भाड्याचे शूज इतके का आवळतात?

एखाद्या फेरीपुरते चालतील, पण शिकणे होणार नाही. क्लायंबिंग शूजचा तळ चिकट रबराचा असतो आणि पायाची बोटे पुढे एकत्र आलेली असतात, त्यामुळे बोटभर रुंदीच्या कडेवरही उभे राहता येते. धावण्याच्या शूजचा जाड, मऊ तळ त्या कडेवर दुमडतो.

आवळण्याला मर्यादा आहे. अंगठा पुढे टेकलेला आणि किंचित वाकलेला असावा, टाच मोकळी राहू नये. पण उभे राहताच डोळ्यांत पाणी येत असेल तर माप चुकले आहे. टोकाशी खाली वाकलेले, धनुष्याकृती शूज नवख्याला लागत नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. पहिले काही महिने भाड्याचे शूज वापरावेत आणि पातळ मोजे सोबत न्यावेत. हे शूज घालून स्वच्छतागृहात जाऊ नये.

८. चॉक म्हणजे फळ्यावरचा खडू का? तो लागतोच का?

फळ्याचा खडू कॅल्शियमच्या संयुगांचा असतो. आरोहकांचे चॉक मॅग्नेशियम कार्बोनेटचे असते आणि ते घाम शोषते. टाल्कम पावडर तर मुळीच वापरू नये, तिने हात उलट घसरतो. मुंबई, ठाणे किंवा कोकणपट्टीच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, चॉकविना हात टिकणे कठीण आहे. तरी पातळ थर पुरतो. ज्यांना धूळ सहन होत नाही, विशेषतः दम्याच्या रुग्णांनी, द्रवरूप चॉक वापरून पाहावे. त्यात बहुधा अल्कोहोल असते, म्हणून चिरलेल्या कातडीला ते झोंबते.

९. होल्डचे रंग आणि व्ही२, ६ए असले आकडे कसे वाचायचे?

एका मार्गाचे सर्व होल्ड बहुतेक जिममध्ये एकाच रंगाचे असतात. खूणपट्टी लावलेल्या होल्डवरून सुरुवात करायची, त्याच रंगाचे होल्ड वापरायचे आणि बोल्डरिंगमध्ये शेवटच्या होल्डवर दोन्ही हात स्थिर ठेवायचे, म्हणजे तो मार्ग पूर्ण झाला.

काठिण्य मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत. बोल्डरिंगसाठी अमेरिकेतून आलेली व्ही श्रेणी व्ही० पासून व्ही१७ पर्यंत जाते. दुसरी श्रेणी पॅरिसजवळच्या फाँतेनब्लो जंगलातील खडकांवरून आली आणि ती ६ए, ६बी अशी लिहितात. दोरावरील मार्गांसाठी फ्रेंच श्रेणी आपल्याकडे बरीच चालते. तिचे आकडे फाँतेनब्लोसारखेच दिसतात पण काठिण्य तेच नसते. बोल्डरिंगचा ६ए हा दोरावरच्या ६ए पेक्षा बराच कठीण असतो. घोटाळा येथेच होतो.

एका जिमचा व्ही२ दुसऱ्या जिममध्ये व्ही१ वाटू शकतो, कारण श्रेणी ठरवणारा सेटर हा माणूसच असतो. त्याची उंची आणि आवडनिवड त्यात उतरते. आपला आकडा मोजत बसण्यापेक्षा एकच सोपा मार्ग तिसऱ्यांदा, आवाज न करता चढता येतो का, हे पाहणे नवख्याच्या अधिक कामाचे आहे.

१०. दहा मिनिटांत हात दगडासारखे होतात. काय चुकते?

कोपरापुढचे स्नायू सतत आवळलेले राहिले की त्यांतला रक्तप्रवाह अडतो आणि हात भरून येतो. हा ताकदीचा अभाव क्वचितच असतो. हातांकडून नको ते काम करून घेतल्याचा तो परिणाम असतो.

आधी पाय पाहावा. नवखा आपला तळवा होल्डवर मधोमध ठेवतो, जणू पायरीच. त्यामुळे टाच भिंतीला लागते, गुडघा बाहेर जातो आणि पाय वळवता येत नाही. होल्डवर फक्त शूजचे टोक, अंगठ्याच्या आतली बाजू, टेकवावी. मग त्याच बिंदूवर टाच डावी-उजवीकडे फिरते आणि कंबर भिंतीजवळ आणता येते. पाय ठेवताना तो होल्डला लागेपर्यंत त्यावरची नजर काढू नये. बहुतेक जण शेवटच्या वीतभर अंतरात वर पाहू लागतात आणि पाय आपटत जागा शोधतात. पायाचा आवाज येत असेल तर नजर लवकर हटली, असे खुशाल समजावे.

त्यानंतर हात. विश्रांतीच्या जागी कोपर सरळ ठेवून हाडांवर लटकावे. वाकलेल्या हाताने थांबणे म्हणजे अर्ध्यावर थांबवलेला पुल-अप. पकड पडणार नाही इतकीच घट्ट असावी. आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये किमान तीन-चार मिनिटे खाली बसावे. सलग पाच वेळा तोच मार्ग झोडपणारा पाचव्यांदा फक्त थकवा चढत असतो.

११. बोल्डरिंगमध्ये गादी असतेच, मग पडायला काय शिकायचे?

गादीवर पडूनच मनगटे, कोपरे आणि घोटे मोडतात. माणूस मागे तोल गेला की आपसूक हात मागे टेकतो आणि पसरलेल्या त्या हातावर सगळा भार येतो. ही सवय मोडण्यासाठी पहिल्या दिवशी अर्ध्या मीटरवरून मुद्दाम पडण्याचा सराव करावा: दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे मऊ ठेवून दुमडायचे, नितंबांवर बसत पाठीवर लोळायचे, हात छातीशी घ्यायचे आणि हनुवटी आत ठेवायची. पायांवर ताठ उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, त्यात गुडघ्याला मुरड बसते.

वर पोहोचल्यावर उडी मारणे तरुण मंडळींना आवडते. तसे करू नये. मोठे, सोपे होल्ड धरत जमेल तेवढे खाली उतरावे आणि शेवटचा टप्पाच सोडावा. पडण्याआधी खाली माणूस, पाण्याची बाटली, कोणाचे मूल नाही हे पाहावे. दोन गाद्यांच्या फटीत घोटा जातो, तीही ध्यानात ठेवावी.

१२. बिले देणे अवघड असते का? मित्राच्या हाती दोर देऊ का?

क्रिया अवघड नाही, लक्ष टिकवणे अवघड आहे. मूळ नियम एकच: ब्रेकचा हात दोरावरून कधीही सुटत नाही. ग्रीग्रीसारखी उपकरणे दोर अडवायला मदत करतात, म्हणून ती आपोआप चालतात असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. ज्या मित्राने प्रशिक्षकासमोर बिले देऊन दाखवलेले नाही, त्याच्या हाती दोर देऊ नये, मैत्री कितीही जुनी असो.

प्रत्येक चढाईआधी दोघांनी एकमेकांना तपासावे. चढणाऱ्याचे बकल हाताने ओढून पाहावे. दोर हार्नेसच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही फाशांतून गेलेला आहे का, ते पाहावे. आठाच्या गाठीची वळणे जोडी-जोडीने, समांतर दिसली पाहिजेत. जोड्या मोजाव्यात, त्या पाच भरतात. शेपूट वीतभर तरी उरावे. मग बिले देणाऱ्याकडे वळावे: दोर उपकरणात योग्य दिशेने आहे का, कॅरॅबिनरचा (उपकरण हार्नेसला जोडणाऱ्या धातूच्या कडीचा) स्क्रू बंद आहे का. दाबून पाहावे, नुसते बघून सोडू नये.

‘आता रोजचेच झाले’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. जगातील अव्वल आरोहकांपैकी एक असलेल्या लिन हिल १९८९ मध्ये फ्रान्समधील ब्यू येथे सरावाच्या मार्गावर २० मीटरहून अधिक उंचीवरून खाली आल्या, कारण त्यांची गाठ अर्धवट राहिली होती. झाडामुळे त्या वाचल्या. ही चूक नवख्यांची नाही, सरावलेल्यांची आहे.

चढणारा बिले देणाऱ्यापेक्षा खूपच जड असेल तर पडताच खालचा माणूस वर उचलला जातो. अशा वेळी जमिनीवरचा अँकर किंवा वाळूची पिशवी वापरावी आणि ती कशी जोडायची हे कर्मचाऱ्यांकडूनच समजून घ्यावे.

१३. ऑटो-बिलेवर साथीदार लागत नाही. मग तेच सर्वांत सुरक्षित ना?

ऑटो-बिले म्हणजे चढणाऱ्याला जोडलेला पट्टा आपोआप आवरणारे यंत्र. ते विश्वासार्ह असते. माणूस स्वतःला त्यात अडकवायलाच विसरतो. एकटा चढणारा, मनात पुढच्या चालीचा विचार, तपासणारे कोणी नाही, आणि तो तसाच वर जातो. असे अपघात अनेक देशांत झाले आहेत, म्हणूनच मार्गाच्या तळाशी वाट अडवणारी त्रिकोणी ताडपत्री लावलेली असते. तिच्या बाजूने घुसून चढाई सुरू करू नये. दुसरा अपवाद वजनाचा: यंत्रावर किमान आणि कमाल वजन लिहिलेले असते. फार हलके मूल वरच लटकत राहू शकते. तिसरे, हात सुटल्यावर पट्टा लगेच ताणेल असे नाही. क्षणभर सैल वाटते, तेव्हा घाबरून होल्डला झोंबू नये.

१४. आठवड्यातून किती वेळा यावे? बोटे दुखतात, ते बरोबर आहे का?

दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. उत्साहाच्या भरात रोज येणारे काही आठवड्यांतच दुखापत घेऊन घरी बसतात, कारण स्नायू लवकर बळकट होतात पण बोटांतील कंडरा आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे फार हळू तयार होतात. अनामिकेच्या मुळाजवळचा असा पट्टा आरोहकांत वारंवार दुखावतो, विशेषतः बारीक कडेवर बोटे दुमडून, अंगठा वर दाबून पकडल्यास.

हात भरून येणे, तळव्याची कातडी हुळहुळणे, दुसऱ्या दिवशी खांदे आखडणे हे सगळे अपेक्षित आहे. एका बोटात एका जागी टोचणारी कळ, ‘टक्’ असा आवाज किंवा सूज आली तर त्याच क्षणी थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. बोटे बळकट करण्याच्या लाकडी फळ्या पहिल्या वर्षी दूरच ठेवाव्यात.

१५. मुलगा सात वर्षांचा आहे, मुलगी चौदाची. दोघांनाही एकच नियम का?

नाही. लहान मुलांनी खेळत चढावे. त्यांना पूर्ण अंगाचा हार्नेस लागू शकतो, कारण त्यांची कंबर पुरेशी भरलेली नसते. खाली गादीवर धावू न देणे हे पालकांचे काम आहे.

खरी काळजी वयात येणाऱ्या मुलांची घ्यावी लागते. त्यांची बोटांची हाडे अजून वाढत असतात आणि वाढीच्या जागी ताणामुळे चीर पडू शकते. मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यावर, वरच्या बाजूने दुखणे हे त्याचे ठरावीक लक्षण. या वयातील मुले झपाट्याने प्रगती करतात आणि स्पर्धेच्या ओढीने दुखणे लपवतात. त्यांनी बोटांचे जादा व्यायाम करू नयेत, आणि दुखले तर ‘होईल बरे’ म्हणून सोडून न देता क्ष-किरण तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

१६. मासिक पाळीत किंवा गरोदरपणात चढता येते का?

पाळीत चढण्यास काहीच हरकत नाही. शरीर सांगेल तेवढे करावे. गरोदरपणात बोल्डरिंग आणि लीड टाळावे, कारण दोन्हींत पडणे अटळ आहे. आधीपासून चढणाऱ्या स्त्रीने टॉप रोप चालू ठेवायचे की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे; पोटावर दाब येऊ नये म्हणून पूर्ण अंगाचा हार्नेस लागतो. गरोदरपणातच या खेळाची नव्याने सुरुवात करू नये.

१७. अनोळखी लोक न विचारता ‘डावा पाय वर घ्या’ असे सांगतात. गप्प बसवले तर वाईट दिसेल का?

दिसणार नाही. ‘मला स्वतःला शोधायचे आहे’ एवढे म्हटले की समजूतदार आरोहक मागे सरतो. मार्गाची उकल शोधणे हा या खेळातला निम्मा आनंद आहे आणि तो दुसऱ्याचा हिरावून घेऊ नये, असा शिष्टाचार आहे. याला अपवाद सुरक्षेचा: गाठ, बकल किंवा खाली उभे असलेले मूल यांबद्दल कोणीही कोणालाही न विचारता टोकावे.

१८. भिंतीवर व्ही३ जमते. आता ड्यूक्स नोजला (खंडाळ्याच्या नागफणी कड्याला) जायला हरकत नाही ना?

हरकत आहे, एकट्याने जाण्याला. ज्या नवख्याने नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये झालेली बोल्डरिंगची विश्वचषक फेरी पाहून भिंत धरली असेल, त्याला वाटणे साहजिक आहे की खडक म्हणजे होल्डचा रंग काढलेली भिंतच. पण जिममध्ये अँकर, होल्ड आणि गादी दुसऱ्याने तपासलेली असते. खंडाळ्याच्या नागफणीवर, तैलबैल्यावर किंवा लिंगाण्यावर ते काम आपले असते. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये जागोजागी सुटे दगड असतात, म्हणून हेल्मेट आवश्यक आहे, बिले देणाऱ्यालाही. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. अत्तर लावून, धूर करून किंवा आरडाओरडा करून त्यांना डिवचणे जिवावर बेतते. जुने बोल्ट आणि पिटॉन (खडकाच्या फटीत ठोकलेले खिळे) गंजलेले असू शकतात. अँकर बांधणे, रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणे) आणि अडकल्यास सुटका ही कौशल्ये भिंतीवर शिकवली जातातच असे नाही. अनुभवी गिर्यारोहण संस्थेच्या शिबिरात ती शिकावीत आणि पहिल्या काही चढाया त्यांच्यासोबतच कराव्यात.

१९. मी वर्षानुवर्षे सह्याद्रीत चढतो, मग जिममधले सोपे मार्ग मला का येत नाहीत?

हा प्रश्न वरच्या प्रश्नाइतकाच वेळा येतो. सह्याद्रीतील बरीचशी चढाई उभ्या किंवा मागे कललेल्या कातळावर, पायांच्या घर्षणावर आणि मार्ग शोधण्याच्या नजरेवर चालते. जिमची भिंत बहुधा पुढे झुकलेली असते, होल्ड गोल गुळगुळीत असतात आणि काही चाली तर चक्क उडी मागतात. जुने आरोहक शूजही जाड, ट्रेकिंगचे घालून येतात. त्यांनी शूज बदलावेत, सोप्या रंगापासून सुरुवात करावी आणि महिनाभर श्रेणीकडे पाहू नये. दोर, गाठी आणि उंचीचा सराव त्यांच्याकडे आधीच असतो, त्यामुळे टॉप रोपवर ती उणीव लवकर भरून निघते. बोल्डरिंगमध्ये मात्र प्रश्न ११ मधील पडण्याचा सराव त्यांनाही पहिल्यापासून करावा लागतो, कारण बाहेरच्या कड्यावर न पडणे हेच ते आयुष्यभर शिकलेले असतात.